स्वभाव की एडीएचडी? पुण्यातले पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

पुण्यातल्या शाळांत समुपदेशक म्हणून काम करताना हे प्रश्न ओपन डेच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी आणि सगळ्यात जास्त रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपवर येतात. तेच उत्तर प्रत्येकाला वेगळे टाइप करण्यापेक्षा इथे एकत्र लिहिले आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. हे वाचून निदान होणार नाही. डॉक्टरांपुढे काय मांडायचे एवढे मात्र कळेल.

१. माझा मुलगा दोन मिनिटे एका जागी बसत नाही. एडीएचडी असेल का?

एवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही, आणि जो ठामपणे सांगेल त्याच्यापासून लांब राहा. सहा-सात वर्षांची बरीच धडधाकट मुले एका जागी बसत नाहीत. लक्ष टिकवणे, हालचाल आवरणे आणि काही करण्याआधी क्षणभर थांबणे, यांत वयाच्या मानाने बरीच जास्त आणि सतत टिकून राहिलेली अडचण असेल तर एडीएचडीचा (अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) विचार होतो. जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित अंदाज शंभरात साधारण पाच मुले असा आहे, म्हणजे चाळीसच्या वर्गात एखाद-दोन. ‘माझ्या वर्गातली निम्मी मुले एडीएचडी आहेत’ असे एखाद्या बाई म्हणाल्या तर बाई दमल्या आहेत, एवढेच समजा.

२. मग ठरवतात कसे? रक्त, एमआरआय असली काही तपासणी असते का?

एडीएचडी आहे की नाही हे सांगणारी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्राची तपासणी नाही. निदान होते ते माहिती गोळा करून. बहुतेक डॉक्टर डीएसएम-५ ही अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची नियमावली वापरतात. तिच्यात अठरा लक्षणे आहेत. नऊ लक्षाची: निष्काळजी चुका, समोर बोलत असताना ऐकत नसल्यासारखे वाटणे, वस्तू हरवणे, रोजच्याच गोष्टी विसरणे वगैरे. नऊ चळवळेपणाची आणि उतावळेपणाची: चुळबुळ, जागेवरून उठणे, आपला नंबर येईपर्यंत न थांबणे, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणे. मुलांमध्ये कोणत्याही एका गटातली किमान सहा हवीत, सतरा वर्षांपुढे पाच.

पालक इथपर्यंत वाचतात, सहावर खूण करतात आणि घाबरतात. खरी चाळणी पुढे आहे. लक्षणे किमान सहा महिने असावी लागतात, त्यातली काही बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी ती दिसावी लागतात, त्यामुळे मुलाच्या अभ्यासाचे, मैत्रीचे किंवा घरातल्या जगण्याचे नुकसान होत असावे लागते, आणि दुसऱ्या कशाने त्यांचा उलगडा होत नसावा लागतो. ही शेवटची अट प्रश्न १२ मध्ये आहे.

३. पण स्वभावही जन्मतःच असतो ना? डॉक्टर त्यालाच आजार म्हणत नाहीत कशावरून?

रास्त शंका आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून बाळांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि स्वभावाच्या नऊ बाजू सांगितल्या: हालचालीचे प्रमाण, झोप-भुकेची नियमितता, नव्या माणसाला सामोरे जाण्याची तऱ्हा, जुळवून घेणे, प्रतिक्रियेची तीव्रता, मूड, लक्ष चटकन उडणे, चिकाटी आणि आवाज-स्पर्श यांबद्दलची संवेदनशीलता. यातल्या हालचाल, लक्ष उडणे आणि चिकाटी या तीन बाजू एडीएचडीच्या यादीला थेट जाऊन भिडतात. गोंधळ तिथेच होतो.

त्या दोघांच्या अभ्यासात साधारण ४० टक्के मुले ‘सोपी’, १० टक्के ‘अवघड’ आणि १५ टक्के हळूहळू खुलणारी निघाली. उरलेली कुठल्याच खणात बसली नाहीत. मला त्यांचा दुसरा मुद्दा जास्त कामाचा वाटतो. स्वभाव चांगला-वाईट नसतो, तो भोवतालाशी जुळतो किंवा जुळत नाही. पेठेतल्या दोन खोल्यांत, जिथे उडी मारली की खालचे काका छताला काठी लावतात, तिथे जो मुलगा ‘वांड’ ठरतो तो धायरीकडे अंगण असलेल्या आजोळी गेला की नुसता ‘खेळकर’ असतो. जागा बदलल्यावर अडचण खरोखर विरघळत असेल तर ती बहुधा जुळण्याची अडचण आहे.

पुढच्या संशोधकांनी स्वतःला प्रयत्नपूर्वक आवरण्याची क्षमता हा स्वभावाचा वेगळा पैलू मानला. एडीएचडीच्या मुलांत तो सरासरीने कमी भरतो, आणि मोठेपणीच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांत नेटकेपणा-जबाबदारीचा गुणही कमी येतो. पण ही सरासरी झाली. पसारा करणारा प्रत्येक जण एडीएचडीचा नसतो, नाहीतर पुण्याची निम्मी वसतिगृहे त्यात येतील.

४. मग सीमारेषा नेमकी कुठे?

आखून दिलेली रेषा निसर्गात नाही. रक्तदाबासारखेच हे चढत जाते. कुठून पुढे उपचार करायचे यासाठी माणसांनी रेघ ओढली आहे. म्हणून मी पालकांना तीनच गोष्टी विचारते: कधीपासून, कुठेकुठे, आणि मुलाला याचा भुर्दंड काय पडतो?

तिसरीतले दोन मुलगे घ्या (दोघेही अनेक मुलांवरून बेतलेले आहेत). बाईंनी दोघांनाही प्रश्नावलीत जवळपास सारखेच गुण दिलेत. पहिला तासाला चार वेळा उठतो, शेजाऱ्याला बोलत ठेवतो. पण वही पुरी असते, व्हॅनमध्ये मित्र त्याची जागा धरतात, आईने दोनदा सांगितले की दप्तर भरतो. दुसऱ्याची परिसर अभ्यासाची वही उघडली की तारीख आणि धड्याचे नाव ठसठशीत अक्षरात, खाली लाल रेघ. पहिला प्रश्न नीट. दुसऱ्याचे उत्तर वाक्याच्या मध्यात तुटलेले. पुढे दोन पाने कोरी, मग पुन्हा नवी तारीख, पुन्हा रेघ. बाईंचा ‘अपूर्ण’ शेरा पानापानावर. घरी पाच ओळींच्या शुद्धलेखनावरून दीड तास रडारड चालते, खोडरबराचे तुकडे होतात, आणि तो स्वतःच म्हणतो, ‘मी ढ आहे.’ वर्गातल्या वाढदिवसांची बोलावणी बंद झाली आहेत. गुण सारखे असले तरी तपासणीला मी दुसऱ्याला पाठवेन. पहिल्याच्या बाईंना सांगेन, की फळा पुसणे आणि वह्या वाटणे ही कामे त्याच्याकडे द्या.

आणखी एक. स्वभाव ‘की’ एडीएचडी, हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. ज्याला एडीएचडी आहे त्यालाही स्वभाव असतोच. लाजाळू मुलाचा एडीएचडी मागच्या बाकावर गप्प बसतो, बिनधास्त मुलाचा पाण्याच्या टाकीवर चढतो. निदान झाले म्हणून मुलाची प्रत्येक सवय त्या खात्यात टाकू नका.

५. कार्टून किंवा गेम असला की दोन तास हलत नाही. मग लक्ष नाही कसे म्हणता?

हा आजोबांचा लाडका प्रश्न आहे. लक्ष असते; ते हवे तिथे वळवणे आणि कंटाळवाण्या कामावर टिकवणे जमत नाही. गेममध्ये दर काही सेकंदांनी गुण, आवाज, नवीन चित्र असे बक्षीस मिळत राहते. पाढे पाठ केले तर बक्षीस चाचणी परीक्षेत, तेही मिळाले तर. दोन तास गेम खेळला म्हणून एडीएचडी नाही असे ठरत नाही, आणि आहे असेही नाही. त्यापेक्षा आवडीचे काम मध्येच सोडून नावडत्या कामाकडे वळायला त्याला किती वेळ आणि किती आरडाओरडा लागतो, ते आठवडाभर टिपून ठेवा.

६. घरी काहीच त्रास नाही, तक्रारी फक्त शाळेतून येतात. किंवा उलटे.

फक्त शाळेत असेल तर आधी शाळा पाहा: वर्गातली मुलांची संख्या, बसायची जागा, कुणी छळते का, वाचायला जमते का, आणि माध्यम. घरी फक्त मराठी आणि शाळेत एकदम इंग्रजी असेल तर न समजणारे मूल खिडकीबाहेरच बघणार. फक्त घरी असेल तर कधीकधी मूल दिवसभर स्वतःला आवरून घरी येऊन सैल सुटते. कधी घरातल्या अपेक्षाच वयाला झेपणाऱ्या नसतात. मात्र एक गफलत टाळा. एकुलत्या एका मुलामागे आई, आजी आणि कामाच्या मावशी अशा तिघी असल्या की घरात अडचण दिसतच नाही, कारण ती तिघींनी वाटून घेतलेली असते. त्याला एकट्याला सकाळी तयार व्हायला लावा, मग सांगा.

दवाखान्यात मूल शहाण्यासारखे बसले यावरूनही काही ठरत नाही. नवी जागा आणि नवा माणूस असला की बहुतेक मुले तेवढा वेळ सांभाळून घेतात.

७. मुलगी अगदी शांत आहे, कुणाला त्रास देत नाही, फक्त हरवलेली असते. तिचा काय संबंध?

असू शकतो. एडीएचडीचा एक प्रकार मुख्यतः लक्षाचा आहे, त्यात धावपळ नसते. मुलांमध्ये निदान मुलींपेक्षा जास्त होते, आणि त्याचे एक कारण हेच, की शाळा तक्रार करते ती गोंगाटाची. ‘गरीब आहे हो, पण वेंधळी’ असा शेरा वर्षानुवर्षे मिळणारी मुलगी पाचवी-सहावीत विषय वाढले की एकदम कोसळते. अर्थात स्वप्नाळू स्वभावाच्या, गोष्टीत रमणाऱ्या मुलीही असतातच. फरक पुन्हा प्रश्न ४ मधल्या तीन गोष्टींनीच कळतो.

८. मुलाचा जन्म डिसेंबरचा आहे. याचा काही संबंध?

आहे, आणि तो कुणी विचारात घेत नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण अशी अट आहे. म्हणजे डिसेंबरचे मूल त्याच वर्गातल्या जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ एका वर्षाने लहान असू शकते. सहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढे अंतर! अमेरिकेत जिथे १ सप्टेंबर ही तारीख आहे, तिथल्या २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांत एडीएचडीचे निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्के जास्त निघाले. कॅनडातही असेच दिसले आहे. शेवटच्या तीन महिन्यांत जन्म असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, आणि तुलना वर्गाशी न करता वयाशी करायला सांगा.

९. मोबाइल, चॉकलेट, लाड. नक्की कशाने होतो?

या तिन्हींनी होत नाही. साखरेचे बघा: १९९४ च्या एका प्रयोगात मुलांना साखर नसलेले गोड पेय दिले, पण काही आयांना ‘साखर दिली आहे’ असे सांगितले. त्या आयांना आपली मुले जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांवर टीकाही जास्त करत होत्या. गणपतीत मोदक खाल्ल्यावर जो दंगा होतो तो मोदकाचा नसून जमलेल्या भावंडांचा असतो.

मोबाइलने एडीएचडी जन्माला येत नाही, पण झोप नक्की बिघडते, आणि झोप न झालेले मूल हुबेहूब एडीएचडीसारखे वागते. लाडांचे म्हणाल तर घरातल्या शिस्तीने अडचण वाढते किंवा आटोक्यात राहते. मूळ कारण ती नव्हे. मूळ बरेचसे आनुवंशिक आहे. पुढचा प्रश्न पाहा.

१०. सासूबाई म्हणतात, ‘याचा बाप पण असाच होता, झाला ना इंजिनिअर!’

सासूबाईंचे निरीक्षण अचूक आहे, निष्कर्षाबद्दल बोलू. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास धरतात. याचा अर्थ वडिलांना असेल तर मुलाला तेवढे टक्के शक्यता, असा नाही. मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला तेवढा वाटा अनुवंशाचा, असा आहे. स्वभावही बऱ्यापैकी आनुवंशिक असतो, त्यामुळे ‘बापासारखा’ हे दोन्हीकडे बसते.

तेव्हा बापाला काय सोसावे लागले ते विचारा. हे वाक्य निघाले की खोलीतले बाबा बहुतेक वेळा गप्प होतात. मग हळूच निघते: डिप्लोमाला वर्षे गेली, मार खूप खाल्ला, अजूनही गाडीची चावी बायकोच शोधून देते.

‘आमच्या वेळी नव्हते हे असले’ यालाही उत्तर देऊन टाकते. अलेक्झांडर क्रायटन या डॉक्टरने लक्षाच्या अशा विकाराचे वर्णन १७९८ मध्येच केले होते आणि जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये अशा मुलांवर १९०२ मध्ये व्याख्याने दिली. तेव्हा होतेच, नाव वेगळे होते.

११. मुलगा हुशार आहे, स्कॉलरशिपला चांगले गुण मिळाले. हुशार मुलाला असू शकतो का?

हो. बुद्ध्यंक आणि एडीएचडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञानप्रबोधिनीत किंवा आणखी कुठे बुद्धिमापन करून घेतले आणि आकडा छान आला, तरी त्याने एडीएचडी सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही. हुशार मूल बुद्धीच्या जोरावर बराच काळ वेळ मारून नेते. उलट, वर्गात शिकवलेले आधीच येत असल्याने कंटाळून दंगा करणारी हुशार मुलेही असतात. त्यांना अवघड गणित दिले की ती गप्प बसून सोडवतात. हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे.

१२. एडीएचडीसारखे दिसणारे दुसरे काय असू शकते?

कमी ऐकू येणे. चष्म्याची गरज. वाढलेल्या अॅडेनॉइडमुळे (नाकामागची गाठ) रात्री घोरणे आणि तुटक झोप. रक्तातले लोह कमी असणे, थायरॉइडचा त्रास. काही सेकंद टक लावून पाहण्याचे फिट्सचे झटके. यात मूल हाक मारली, हात लावला तरी त्या क्षणी भानावर येत नाही, आणि याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. चिंता: आईबाबांची भांडणे, घरातले आजारपण, नुकतीच बदललेली शाळा. शेवटच्या कारणात एक खूण अशी, की त्रास अमुक महिन्यापासून सुरू झाला असे तारखेनिशी सांगता येते. एडीएचडी असा एका सोमवारी सुरू होत नाही.

वाचन-लेखनाची अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) या एडीएचडीच्या जागीही असतात आणि जोडीनेही असतात. २०१३ पूर्वीच्या नियमावलीत स्वमग्नता असलेल्या मुलाला एडीएचडीचे निदान देता येत नसे, आता देता येते. जुना अहवाल असेल तर हे ध्यानात ठेवा.

१३. पुण्यात जायचे कुठे? आणि काय न्यायचे?

आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, म्हणजे प्रश्न १२ मधल्या तपासण्या उरकतील. पुढे बालविकासतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, सोबत चाचण्यांसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, रास्ता पेठेतल्या केईएममध्ये बालविकास केंद्र आहे, खासगी दवाखाने तर कोथरूडपासून वाघोलीपर्यंत आहेत. निदान समुपदेशकाने, म्हणजे माझ्यासारखीने, करायचे नसते. नुसती चौकशी करायची असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.

नेताना सगळ्या वर्षांची प्रगतिपुस्तके, दोन-तीन अपुऱ्या वह्या (नव्या वह्यांपेक्षा त्या जास्त बोलतात), बाईंची चार ओळींची चिठ्ठी आणि झोपेच्या वेळांची आठवडाभराची नोंद न्या. मुलाला ‘डॉक्टरकाका तुला सरळ करतील’ असे रिक्षात सांगत जाऊ नका.

१४. एका डॉक्टरांनी ‘आहे’ म्हटले, दुसऱ्यांनी ‘नाही’. कुणाचे खरे?

कुणी काय पाहिले ते विचारा. शाळेची माहिती न घेता वीस मिनिटांत दिलेला होकार आणि तसाच दिलेला नकार, दोन्ही कच्चे. पालक आणि शिक्षकांनी भरायच्या वँडरबिल्ट किंवा कॉनर्स प्रश्नावल्या उपयोगी आहेत, पण त्या भरणाऱ्याचा स्वभावही त्यात उतरतो. टापटिपीची आई आणि आठवडाभर हिंजवडीत अडकलेले बाबा एकाच मुलाला वेगळे गुण देतात, आणि दोघेही प्रामाणिक असतात. सीमेवरच्या मुलाबाबत ‘सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, तोवर घरी-शाळेत हे बदल करा’ असे सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

१५. औषधाने त्याचा स्वभाव बदलेल का? मूल मंद होईल अशी भीती वाटते.

स्वभाव बदलणे हा औषधाचा हेतू नाही. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या नेहमीच्या औषधाचा परिणाम काही तास राहतो. तेवढ्या वेळात थांबणे आणि लक्ष टिकवणे सोपे जाते. विनोदी मुलगा विनोदीच राहायला हवा. तो गप्प, खिन्न, स्वतःतच हरवलेला दिसू लागला तर बहुधा मात्रा जास्त आहे किंवा औषध मानवत नाही. ‘शांत झाला, बरे झाले’ म्हणून तसेच चालू ठेवू नका, डॉक्टरांना सांगा. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोट किंवा डोके दुखणे हे नेहमीचे त्रास. डबा तसाच परत येऊ लागतो, म्हणून सकाळी गोळीआधी भरपेट नाश्ता द्या. उंची, वजन, रक्तदाब ठरावीक काळाने मोजून घ्या.

आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येते, त्यामुळे कोपऱ्यावरचा केमिस्ट ते ठेवतोच असे नाही, आणि चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. ॲटोमॉक्सेटिन हे वेगळ्या प्रकारचे औषध आहे, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. औषधाच्या जोडीला पालक-प्रशिक्षण आणि शाळेतले बदल हवेतच.

१६. साडेचार वर्षांचा आहे. बालवाडीच्या ताई म्हणतात दाखवून घ्या.

दाखवा, पण शिक्का मारून घेण्याची घाई करू नका. या वयात स्वभाव आणि एडीएचडी वेगळे काढणे सगळ्यात कठीण. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक सूचनाही चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळायचे प्रशिक्षण असेच सांगते. ताईंची तक्रार मारणे, पळून जाणे, स्वतःला इजा करून घेणे अशी असेल तर मात्र थांबू नका.

१७. निदान झाले तर बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन-लेखनाची वगैरे) आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. वाढीव वेळ किंवा लेखनिक यांसारख्या सवलती बहुतेक वेळा अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर मिळतात. एडीएचडीबरोबर तीही असेल तर सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्या, आणि दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच सुरुवात करा.

१८. मुलगी अकरावीत आहे, आत्ता पहिल्यांदा शंका आली. उशिरा सुरू होऊ शकतो का?

नियमाप्रमाणे काही लक्षणे बारा वर्षांच्या आत असायला हवीत. १९९४ च्या नियमावलीत हीच मर्यादा सात वर्षे होती. अनेकांना, विशेषतः शांत मुलामुलींना, ती अन्यायकारक ठरत होती म्हणून वाढवली. त्यामुळे प्रश्न असा, की तेव्हा नव्हते की तेव्हा दिसले नाही? दहावीपर्यंत आईने वेळापत्रक हातात धरून अभ्यास करून घेतला आणि अकरावीत तो आधार सुटला, असे बऱ्याच घरांत असते. पण खरोखरच चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू झालेले असेल तर आधी नैराश्य, चिंता, झोप आणि व्यसन यांकडे पाहावे लागते. हे ठरवायला पहिली ते चौथीची प्रगतिपुस्तके लागतात, गुणांसाठी नाही, शेऱ्यांसाठी. माळ्यावरच्या पेटीत ती सापडली नाहीत तर प्राथमिक शाळेतल्या बाईंना फोन करून बघा.